करंजाखालची कबर

आमच्या घरात ईस्टरच्या सकाळची एक रीत आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून बघते. पहाटे कबरस्तानातली उपासना आटोपून माणसं घरी येतात, थंडीवाऱ्यातून आल्यासारखी हात चोळत बसतात, चहाला आधण चढतं, पण कप काही कुणाच्या हातात पडत नाही. आधी माझी नणंद, म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि एकेकाच्या डोळ्यांत बघून म्हणते, "प्रभू उठला आहे." ज्याच्याकडे बघितलं त्यानं म्हणायचं, "खरोखर उठला आहे." उत्तर दिल्याशिवाय चहा नाही. पुटपुटलेलं चालत नाही. एका वर्षी ह्यांनी पेपरातून मान वर न काढता "हो हो, उठला" म्हटलं, तर तिनं पुढं केलेला कप तसाच मागं नेला. "तुझ्या हो-होनं कबरेच्या तोंडावरची धोंड सरकत नाही तम्मा," म्हणाली. धाकट्या भावाला ती कन्नडातलं तम्मा म्हणते. तम्मानं पेपर बाजूला ठेवला, नीट बसून उत्तर दिलं, तेव्हा चहा मिळाला.

तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी मिरजेकडची. माहेरी नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत, पण धारवाडात येऊन ते कधीच सुटलं. घरात मराठी, देवळात कन्नड, बाजारात जी जिभेवर येईल ती. देवळात म्हणजे चर्चमध्ये हो, आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. ख्रिस्ती माणसाला कुणी विचारलं, तुमचा मोठा सण कुठला, तर तो नाताळ म्हणून मोकळा होतो, कारण केक आणि चांदणी सगळ्यांना माहीत असते. पण आमचं सगळं उभं आहे ते ईस्टरवर. जन्म तर सगळ्यांचाच होतो. तो मेला, पुरला गेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे खरं नसेल तर बाकीचं सगळं गुंडाळून माळ्यावर ठेवावं लागेल. अक्काला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवरा तरणाताठा गेला तेव्हाही त्या वर्षीच्या ईस्टरला ती दारात उभी राहून म्हणाली होती, "प्रभू उठला आहे." आवाज फाटला होता, पण म्हणाली होती.

म्हणूनच मग गेल्या वर्षी जे झालं ते माझ्या जिवाला इतकं लागलं.

अक्काची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, आईला घेऊन केलगेरीच्या तळ्याकडं राहायची आणि रोज बसनं कलघटगीला शाळेत शिकवायला जायची. ईस्टरला मात्र दोघी आमच्याकडं असायच्या. गल्लीत सगळे तिला टीचर म्हणायचे, तिची आईसुद्धा रागावली की "या टीचर, आलात का" असं म्हणायची. संक्रांतीच्या आसपास पोटाचं दुखणं उठलं. साधं वाटलं. मग साधं राहिलं नाही. जानेवारी संपायच्या आत दवाखान्यातून ती परत आली ती पेटीतच.

ज्या दिवशी तिला पुरायचं त्या दिवशी अक्काची साखर एवढी खाली गेली की तिला शुद्धच राहिली नाही. हाताला सलाईन, डोळे मिटलेले. थांबावं का, किती थांबावं, ह्यांनी सगळ्यांना विचारलं. थांबण्यासारखं नव्हतं. आईविना लेकीला माती दिली. अक्का शुद्धीवर आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं, अक्का." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. रडली नाही. मी वाट बघत होते, आता रडेल, मग रडेल. नाहीच.

आम्ही तिला आमच्या घरी आणलं. ती जेवायची, आंघोळ करायची, विचारलं तर बोलायची. पण संध्याकाळी कलघटगीची बस यायच्या सुमाराला पुढच्या पायरीवर जाऊन बसायची. आमच्या घरावरून ती बस जातच नाही. बसची वेळ टळून गेली की आत यायची.

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले, तशी मी एकदा भीतभीत विषय काढला. "अक्का, यंदा ईस्टरला..."

"मी येणार नाही."

"बरं, घरी तरी..."

"घरी पण नाही. कुणाला म्हणणार नाही, अन् कुणी मला म्हटलं तर उत्तर देणार नाही. तुम्ही तुमचा चहा प्या."

आमच्या देवळातले पाळक तरुण आहेत, मनानं चांगले; त्यांना सगळे कन्नडातलं अय्या म्हणतात. ते भेटायला आले. अक्काजवळ खुर्ची ओढून बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, की मेलेल्यांबद्दल आपल्याला आशा आहे, शेवटच्या दिवशी सगळे उठतील, टीचरही उठतील. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अय्या, शेवटच्या दिवसाचं कळलं. तोवरच्या दिवसांचं सांगा. सकाळी मी भाजीवालीला काय सांगू? पोरीला दोडका आवडायचा म्हणून मी हिरेकाई घ्यायची. मला स्वतःला काय आवडतं ते मला माहीतच नाही."

बिचाऱ्यांनी मान खाली घातली. मला त्यांचं कौतुक वाटलं ते त्यासाठी. काहीतरी वचन म्हणून मोकळे झाले असते. नाही झाले. थोडा वेळ बसले, प्रार्थना केली आणि गेले. मी दारापर्यंत गेले, तर चपला घालता घालता म्हणाले, "अक्कांना ओढून आणू नका. पण जागा धरून ठेवा." म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

मी मात्र आतून हलले होते. अक्का हा आमच्या घराचा खांब. तिच्या तोंडून ते वाक्य आलं नाही तर ते कुणी म्हणायचं? मी? मी तर आयुष्यभर नुसतं उत्तर देत आले. पहिल्यांदा म्हणायचं ते अक्कानं. नुसतं उत्तर देणाऱ्याला आपला विश्वास किती जाड आहे ते कधी कळतच नाही हो, कारण कुणीतरी आधी म्हटलेलं असतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी एकटीच देवळात जाऊन आले. त्या दिवशी आमच्याकडं फक्त पेज. ती दोघांना वाढली आणि परसात बादली घेऊन बसले. आमच्यात शनिवारी आपापल्या माणसांच्या कबरी झाडून पुसून त्यांना चुन्याची सफेदी करायची पद्धत आहे. चुना आदल्या दिवशी भिजवावा लागतो. कळीचा चुना पाण्यात पडला की फसफसतो, उकळतो, बादली हाताला चटके देते. वर चिमूटभर नीळ टाकायची, म्हणजे पांढरा खरा पांढरा दिसतो. हे मला अक्कानंच शिकवलेलं.

ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. फसफस ऐकून आली असणार.

"कुणाकुणाला?" तिनं विचारलं.

"सासूबाई, मामंजी, तुमचे यजमान," मी म्हटलं. मग थोडं थांबून म्हटलं, "अन् पोरीच्या भोवतीचे दगड."

ती खाली बसली. चुन्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "देवानं आपला लेक तिसऱ्या दिवशी परत घेतला. माझी ठेवून घेतली."

मी काठीनं चुना ढवळत राहिले. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण शुभवर्तमानं मी इतक्या वेळा वाचलीत की त्यातल्या बायका मला माझ्या ओळखीच्या वाटतात. म्हणून त्यांच्याबद्दलच बोलले. म्हटलं, "अक्का, त्या बायका रविवारी पहाटे प्रभूच्या कबरेकडं गेल्या, त्यांना काय माहीत होतं हो, तो उठणार म्हणून?"

"त्यानं आधी सांगितलं होतं की."

"सांगितलं होतं. पण यांचा भरवसा नव्हता. भरवसा असता तर सुगंधी मसाले कशाला विकत घेतले असते? मेलेल्याच्या अंगाला लावायलाच घेतले ना? शुक्रवारी घाईघाईत पुरलं. शनिवारी काही करायचं नाही, असा नियम. काम राहून गेलं. ते पुरं करायला गेल्या."

मला वाटलं, अक्का ऐकत नाही. पण मग म्हणाली, "अन् ती धोंड?"

"धोंडेचं काहीच ठरवलं नव्हतं. अर्ध्या वाटेत एकमेकींना विचारतात, अगं धोंड कोण सरकवणार?"

"बायकाच त्या," अक्का म्हणाली. "पुरुष कुठं होते?"

"घरात. दार लावून."

तिनं मान वळवून आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं तिचा तम्मा गुडघ्यांवर तेल चोळून घेऊन, दार लोटून पडला होता. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. जानेवारीपासून पहिल्यांदा. पण लगेच तिचा चेहरा मिटला. "घाईघाईत पुरलं," ती स्वतःशीच म्हणाली आणि उठून आत गेली. मी जीभ चावली. ते शब्द मी प्रभूच्या शुक्रवारबद्दल बोलले होते, पण ते जाऊन लागले होते तिच्या जानेवारीला.

शनिवारी मी बादली, कुंचा आणि झेंडू घेऊन रिक्षानं कबरस्तानात गेले. गेटाजवळच्या जुन्या कबरी झाल्या. मग मागं गेले, नव्या रांगांकडं. आमच्याकडं नवी कबर लगेच बांधत नाहीत. एक पावसाळा जाऊ द्यायचा, माती बसू द्यायची, मग वर कट्टा. तोवर नुसता मातीचा उंचवटा, भोवती दगड, डोक्याशी लाकडी क्रूस आणि त्यावर काळ्या रंगानं नाव. क्रूस सगळे एकाच सुताराचे, एकसारखे. आदल्या आठवड्यात वळवाचा जोरदार पाऊस पडून गेला होता. रंगाचे ओघळ आले होते, नावं पुसटली होती. जानेवारीनंतर त्या बाजूला आणखीही उंचवटे आले होते.

पण मला करंजाचं झाड पक्कं आठवत होतं. माती देताना मी त्याच्या बुंध्याला टेकून उभी होते. करंज दिसला, त्याखालचा उंचवटा दिसला, क्रूस दिसला. मला शंकासुद्धा आली नाही. झाड फुलांवर आलं होतं, वाऱ्यासरशी लाह्या उडाव्यात तशी बारीक फुलं मातीवर पडत होती. मी सरकलेले दगड नीट लावले, एकेकाला सफेदी दिली, झेंडूचा क्रूस मांडला. उठताना कंबर धरली, पण मन हलकं झालं. उरलेला चुना आणि कुंचा तिथंच भिंतीशी ठेवला, म्हटलं पहाटे परत नेऊ.

घरी आले तर अक्का पायरीवर होती. माझे पांढरे हात तिनं बघितले. "कसं आहे तिथं?" तिनं विचारलं.

पोर गेल्यापासून तिनं त्या जागेबद्दल पहिल्यांदा विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. करंजाचं झाड, फुलं, पक्ष्यांचा आवाज.

"सावली आहे?"

"दिवसभर आहे."

"तिला ऊन सोसायचं नाही. बसस्टॉपवर छत्री धरून उभी राहायची, लोक हसायचे." ती उठली. आत जाता जाता म्हणाली, "उद्या मी येते. माझं येणं तिच्याकडं आहे, देवाकडं नाही. अन् ते वाक्य मला म्हणायला लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हटलं.

पहाटे आम्ही दोघीच निघालो. ह्यांच्या गुडघ्यांनी त्यांना घरीच बसवलं होतं. कबरस्तानात पोचलो तेव्हा अजून अंधार होता, पण ठिकठिकाणी मेणबत्त्या लागत होत्या. ज्यानं हे कधी बघितलं नाही त्याला कसं सांगू? एरवी तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या पहाटे मात्र माणसं नव्या साड्या, धुतलेले शर्ट घालून येतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात, आणि तिथंच, मेलेल्यांच्या मधोमध उभं राहून, मरण हरलं असं गातात. देवळात म्हणायला सोपं आहे. तिथं म्हणायला छाती लागते.

मी अक्काला हात धरून करंजाखाली नेलं. तिनं मेणबत्ती मला दिली, खाली बसली आणि दोन्ही तळहात मातीवर टेकले. "आले गं," म्हणाली. "उशीर झाला मला." आणि मग फुटली. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. रडता रडता ती रागावत होती. डबा अर्धा परत आणायचीस, किती वेळा सांगितलं. दुखतंय म्हणून आधी सांगायला काय झालं होतं. आईपासून लपवतात होय गं. मी मागं उभी राहून रडत होते आणि मनात म्हणत होते, देवा, उपकार झाले.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. आमच्या वयाचीच एक बाई, अंगावर पांढरी शाल, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात ओंजळभर मोगरा. मला वाटलं, सांत्वनाला आली. मग तिनं हळूच कन्नडात विचारलं, "अक्कारी, तुम्ही आमच्या यजमानांच्या नात्यातल्या का?"

"कुठले यजमान?" मी विचारलं.

तिनं उंचवट्याकडं बोट दाखवलं. "हे. फेब्रुवारीत गेले."

मी हातातली मेणबत्ती उचलली. क्रूसाजवळ धरून बघितलं. पुसटलेल्या ओघळात दिसलं ते पुरुषाचं नाव. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वर करून आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या बाईकडं, मग मातीकडं. नाक पुसलं. म्हणाली, "म्हणजे मी इतका वेळ तुमच्या यजमानांना डब्यावरून बोलले?"

"बोला की हो," ती बाई म्हणाली. "जन्मभर माझ्याकडून त्यांनी डब्यावरूनच बोलणी खाल्ली. त्यांना सवय आहे."

आणि अक्का हसली. देवाशपथ, हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि खांदे हसण्यानं हलतायत. ती बाईही तोंडाला शाल लावून हसायला लागली, आणि हसता हसता तीही रडायला लागली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही.

"तुमचं कोण?" तिनं विचारलं.

"मुलगी. कलघटगीला टीचर होती."

"टीचर? त्या पलीकडच्या रांगेत आहेत. या, दाखवते. मी दर रविवारी येते ना."

आम्ही तिच्या मागं गेलो. तिथंही करंज होता, म्हणजे जानेवारीत होता. विजेच्या तारांना लागतो म्हणून मधल्या दिवसांत कुणीतरी तो तोडून टाकलेला. नुसता बुंधा उरला होता. ज्याला मी टेकून उभी होते तो हा. त्याच्याजवळचा उंचवटा पावसानं खचला होता, दगड इकडं तिकडं झाले होते, क्रूस पालथा पडला होता. मी तो उचलून उलटा केला. मातीकडं असलेल्या बाजूवर पोरीचं नाव जसंच्या तसं होतं. पाऊस तिथं पोचला नव्हता.

एक फूल नव्हतं तिथं. चुन्याचं एक बोट नव्हतं.

अक्का बघत राहिली. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. "सावली आहे म्हणालीस," ती म्हणाली.

त्या बाईनं बुंध्याकडं दाखवलं. कडेनं कोवळे फुटवे आले होते. "करंज आहे, अक्का. तोडला तरी फुटतो. एक पावसाळा जाऊ द्या."

"झाडाचं काय," अक्का म्हणाली, "झाड फुटतं. माणसाचं बोला."

पूर्वेला भिंतीवरून फटफटत होतं. पुढं पाळकांनी वाचायला सुरुवात केली होती, कन्नडात, मोठ्या आवाजात. त्या बायकांतली मरिया कबरेबाहेर रडत उभी होती, ते. तिला वाटतं, प्रभूला कुणीतरी उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलंय. कुठं ठेवलंय ते सांगा, मी जाऊन आणते, म्हणते. अक्का मान कलती करून ऐकत होती. मग तिनं पदर कमरेला खोचला.

"चुना उरलाय?" तिनं विचारलं.

मी धावत जाऊन बादली आणली. अक्कानं स्वतः दगड गोळा केले. आम्हा दोघींना हात लावू दिला नाही. खचलेली माती तळहातांनी थापून वर आणली, निजलेल्या पोरीचं पांघरूण सारखं करावं तशी. क्रूस सरळ रोवला, बुडाशी दगड ठोकून बसवला. मग कुंचा घेऊन एकेका दगडाला सफेदी द्यायला लागली, न घाई करता, कडेकोपऱ्यांसकट. जानेवारीत जे तिच्या हातून व्हायचं राहिलं होतं ते ती करत होती. मला परसातलं माझंच बोलणं आठवलं. त्या बायकाही अशाच राहिलेलं काम करायला गेल्या होत्या. विश्वास घेऊन कुठं गेल्या होत्या? मसाले घेऊन गेल्या होत्या. आणि देवानं त्यांना माघारी नाही पाठवलं, की आधी विश्वास ठेवायला शिका आणि मग या. जगात सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं.

पाळकांचा आवाज चढला. "क्रिस्तनु एद्दिद्दाने!" ख्रिस्त उठला आहे. सगळ्या कबरस्तानातून उत्तर गेलं, "निजवागि एद्दिद्दाने!" खरोखर उठला आहे. शालवाली बाई म्हणाली, मी म्हणाले. अक्काच्या हातातला कुंचा थांबला. ओठ मात्र मिटलेले राहिले. मग कुंचा परत चालू झाला.

त्या बाईनं आपला अर्धा मोगरा पोरीच्या मातीवर वाहिला. मी करंजाखालच्या झेंडूतला थोडा आणायला निघाले तर अक्का म्हणाली, "राहू दे. त्यांना दिलंय ते दिलंय." निघताना बाई म्हणाली, "मी रविवारी येते तेव्हा दोन्हीकडं पाणी घालीन."

रिक्षात अक्का एकदम म्हणाली, "मरियाला उठलेला प्रभू आधी माळी वाटला ना?"

"हो."

"रडत असताना नीट दिसत नाही माणसाला. मग ओळखलं कसं?"

"त्यानं नावानं हाक मारली."

"एवढंच?"

"एवढंच."

रिक्षा चढावर कण्हत होती. "अन् उठल्यावर," ती म्हणाली, "त्याच्या हातांना भोकं होतीच ना? खिळ्यांची?"

"होती की. त्यानंच दाखवली."

"बुजली नव्हती."

"नाही."

तिनं आपले चुन्यानं चिरलेले हात मांडीवर उलटे सुलटे करून बघितले. "मग ठीक आहे," म्हणाली. तिला काय ठीक वाटलं ते मी विचारलं नाही. पण इतक्या वर्षांत पुनरुत्थानावर ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा ते मला जास्त कळलं. देव झालेलं पुसून टाकत नाही. जखमेसकट उठवतो.

घरी हे खाटेवर उठून बसले होते. मी स्वयंपाकघराकडं वळले तर अक्का माझ्या आधी आत गेली. पोर गेल्यापासून तिनं चुलीला हात लावला नव्हता. भांडं चढल्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आला. मी बाहेर उभी. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. मोबाईलवर कुणीतरी ईस्टरच्या शुभेच्छा म्हणून ससा आणि रंगीत अंडी पाठवली होती, तो टुणटुणत होता. ह्यांनी तो उशीखाली सारला.

अक्का दारात येऊन उभी राहिली. एका हातात कप. केस विस्कटलेले, साडीला माती. आपल्या भावाकडं बघितलं.

"प्रभू उठला आहे," ती म्हणाली.

आमच्या ह्यांना मी त्याआधी कधी रडताना बघितलेलं नव्हतं. ते खाटेचा दांडा धरून, त्या गुडघ्यांवर, उभे राहिले. "खरोखर उठला आहे, अक्का."

तिनं त्यांना कप दिला. आत जाऊन दुसरा आणला. माझ्यासमोर आली. "प्रभू उठला आहे."

आणि माझाच आवाज अडकला. जन्मभर पोपटासारखं उत्तर दिलं होतं, पण आज समोर ती होती, जिची लेक अजून मातीत होती, आणि ती हे म्हणत होती. तिच्यापुढं 'खरोखर' म्हणायचं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं. पाळक म्हणाले होते, जागा धरून ठेवा. मला वाटलं होतं, मी तिची जागा धरून ठेवली. धरून तिनंच ठेवली होती, माझी.

"बोल की गं," अक्का म्हणाली, "चहा निवतोय."

"खरोखर उठला आहे," मी म्हटलं.

तिनं कप माझ्या हातात दिला. तिच्या नखांत चुना होता.

त्या संध्याकाळी कलघटगीच्या बसच्या वेळेला ती पायरीवर जाऊन बसलीच. मी हातातलं काम ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. वेळ टळली, तरी लगेच उठलो नाही. मग ती म्हणाली, "उद्या हिरेकाई आण." आम्ही आत आलो.